लिमये वकिलांचा पाहुणा

राधाकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, डब्यात गूळ आहे का?" तर लिमये वकील "नाही" असं कधी म्हणायचे नाहीत. उठून डब्यापर्यंत जायचे, झाकण काढून आत डोकवायचे आणि म्हणायचे, "मला दिसला नाही." काकू करवादायच्या, "डबा तो एवढासा. त्यात दिसला नाही म्हणजे नाहीच ना?" त्यावर वकील शांतपणे म्हणत, "ते तू ठरव. मी पाहिलं तेवढं सांगितलं." गूळ पुष्कळदा फडक्याखाली असायचा, ही गोष्ट निराळी.

एकोणीसशे तीसनंतरची ती पहिली वर्षं. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मांडवीच्या वरच्या अंगाला लिमयांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. पुढच्या अंगणातून सगळं बंदर दिसायचं. घरमालक म्हणून माणूस बरा होता. कौलं वेळेवर चाळून द्यायचा, आणि भाड्याची आठवण कधी करायचा नाही. फक्त बोलण्यात त्याच्यापुढे कुणाचा निभाव लागत नसे. "काल फार उकडलं" असं म्हटलं तरी "तुम्हाला उकडलं" अशी दुरुस्ती यायची.

कोर्टात तर हा त्यांचा हातखंडा होता. उलटतपासणीला लिमये उभे राहिले की पक्षकारांचे नातेवाईक सुपारी कातरणं थांबवतात, असं म्हणत. नारळचोरीच्या एका खटल्यात आतल्या गावचा एक कुणबी साक्षीला आला होता. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मना दिसला व्हता, सायेब. बाळ्याच व्हता तो."

"तोंड दिसलं?"

"त्वांड न्हाय दिसलं. पर चालन्यावरनं वळाकला."

"म्हणजे एक चालणारा माणूस दिसला. बाळ्या तू पदरचा घातलास."

बाळ्या सुटला. चोरी त्यानेच केली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि बहुधा वकिलांनाही. पण त्यांचं म्हणणं एकच असे, की पाहिलं ते सांगा, कळलं ते तुमच्याजवळ ठेवा.

अशा माणसाला नाद लागला तोही त्याच्या स्वभावाला शोभेलसाच. बंदरखात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने बदलीच्या वेळी आपली पितळी दुर्बीण विकायला काढली, ती वकिलांनी घेतली. लोकांना वाटलं, आता हे चंद्रावरचे डोंगर बघतील, शनीचं कडं बघतील, आम्हालाही दाखवतील. वकिलांनी ते दोन-चार दिवस केलं आणि मग सगळं सोडून एकच तारा धरला. हंस नावाचा तारकासमूह आहे, त्यातला तो तारा. त्याची खोड अशी, की तो एरवी इतका मंद असतो, की त्या दुर्बिणीतून दिसतच नाही. महिना-दीड महिना तो असा गडप असतो, आणि मग काही सूचना न देता एक-दोन दिवसांत एकदम उजळतो. आठ-दहा दिवस तेजात राहतो आणि पुन्हा बुडतो. कधी लवकर येतो, कधी खूप वाट पाहायला लावतो. म्हणून घरात त्याचं नाव पाहुणा पडलं होतं. काकू म्हणायच्या, "आमच्या घरी एवढा एकच पाहुणा असा, ज्याचं मला काही रांधावं लागत नाही."

जगात ठिकठिकाणी असे ताऱ्यावर नजर ठेवणारे हौशी लोक होते आणि परदेशातल्या त्यांच्या एका मंडळाकडे सगळ्यांच्या नोंदी जात. वकील दर महिन्याला आपली पाठवत. आता दुर्बिणीतून बहुतेक दिवस जो दिसतच नाही, त्याची नोंद ती काय असणार? "दिसला नाही." पावसाळा सोडला तर दिवेलागणीनंतर वकील अंगणात दुर्बीण मांडत, पाहत, आणि "दिसला नाही" असं लिहून जेवायला येत. मी एकदा थट्टेने म्हटलं, "वकीलसाहेब, रोज तेच लिहायचं तर महिन्याचं एकदम लिहून ठेवा की." ते दुखावले. म्हणाले, "बाई, न दिसणं हीसुद्धा साक्ष असते. तो कुठल्या दिवशी आला हे कळायचं, तर आदल्या दिवशी नव्हता असं शपथेवर सांगणारा कुणीतरी लागतो."

या एका ताऱ्यापायी त्यांनी गावाची सोयही पाहिली नाही. खालच्या आळीतल्या एका लग्नाची वरात आमच्या कोपऱ्यावर आली, तेव्हा वकिलांनी पुढे होऊन गॅसबत्तीवाल्यांना पाठ फिरवून उभं केलं, बत्त्यांवर घोंगड्या धरायला लावल्या, आणि नवरानवरीला अंधारात ताटकळत ठेवून आपली नोंद करून घेतली. नंतर नवऱ्याच्या हातावर अहेर ठेवून ते वरातीबरोबर देवळापर्यंत चालत गेले. त्यामुळे कुणी भांडलं नाही.

या नादात त्यांना एक जोडीदार होता, डॉक्टर शेट्ये. मूळचे गुहागरचे, दवाखाना रत्नागिरीत मच्छीबाजाराच्या वाटेवर. वकील जेवढे नेटके, तेवढे डॉक्टर गबाळे. गळ्यात नळी असताना नळी शोधायचे. फी म्हणून कुणी पापलेट आणून दिलं तर ते तसंच दुसऱ्या रोग्याला द्यायचे आणि घरी बायकोला वरणभात करायला सांगायचे. त्यांच्याकडे दुर्बीण होती तीही अशीच आलेली. एका बऱ्या झालेल्या नाखव्याने गलबतावरचं नळकांडं भेट दिलं होतं. ते पेरूच्या फांदीला सुतळीने बांधून डॉक्टर आकाश बघायचे. पाहुणा तेजात असला की त्यातूनही दिसे.

या दोघांमध्ये एक नेम होता आणि तो वकिलांनी घालून दिलेला होता. एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याने आपली नोंद लिहिल्याशिवाय त्याला सांगायचं नाही. कारण दुसऱ्याला दिसलं असं कळलं, की माणसाच्या डोळ्यांनाही दिसू लागतं. सकाळी डॉक्टरांचा कंपाउंडर घडी घातलेली चिठ्ठी आणून द्यायचा. वकील आपली नोंद आधी टेबलावर ठेवत आणि मगच घडी उलगडत. वाटेत दोघं भेटले तर पावसापाण्याचं बोलत, मासळीचं बोलत, ताऱ्याबद्दल चकार शब्द काढत नसत. दोघांच्या चिठ्ठ्या जुळल्या की वकिलांचा चेहरा सबंध दिवस फुललेला असे. तो आनंद पाहायला मी मुद्दाम सकाळी पुढच्या दाराने शाळेला जायची.

मग वकिलांची मान धरली. हंस उत्तरेकडे चांगला उंच चढतो, आणि दुर्बिणीच्या खाली वाकून वर पाहायचं म्हणजे मानेला भलताच पीळ पडायचा. त्यांनी मुंबईहून एक पितळी कोपरा मागवला. त्यात आरसा असतो. तो दुर्बिणीच्या टोकाला बसवला, की वर न बघता समोरून, आरामात खाली पाहता येतं. कोपरा आला त्या दिवशी वकिलांनी दिवसाउजेडी तो बसवून कुंपणाजवळच्या माडावर दुर्बीण रोखली. त्यांच्या दुर्बिणीत आजवर सगळं खालचं वर दिसायचं, आणि ताऱ्यांचा नकाशाही ते तसाच उलटा धरून वापरायचे. आता माड सरळ उभा दिसला. "आता नकाशाही सरळ धरायचा," म्हणत ते खूश झाले. कोपऱ्यातल्या आरशाने डाव्याचं उजवं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माडाला डावं-उजवं असतं कुठे?

त्या कार्तिकात वाचनालयात डॉक्टरांचं भाषण ठेवलं होतं, विषय आकाशाचा. डॉक्टर बोलायचे छान. हशा पिकवत, पाणी पीत, कागद हरवत त्यांनी सांगितलं, की आपल्या गावातूनही एक लहरी तारा पाहता येतो आणि तो याच आठवड्यात उजळलाय, मी रोज पाहतोय. वकील पुढच्या रांगेत बसले होते. घरी त्यांच्या टेबलावर त्या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. डॉक्टरांच्या "दिसला" म्हणणाऱ्या, आणि त्यांच्या स्वतःच्या "दिसला नाही" म्हणणाऱ्या. ते उठले.

"डॉक्टर, तुम्ही पाहिलात?"

"पाहिला म्हणजे काय! रोज पाहतोय."

"शेजारच्या कोणत्या ताऱ्याशी ताडून पाहिलात?"

डॉक्टर हसले. "तो हो, त्याच्याजवळ तीन ताऱ्यांचा त्रिकोण आहे ना, त्यातला. आता नाव नाही आठवत."

"पहिल्या दिवशी आकाशात ढग होते का?"

"असतील थोडे. लक्षात नाही बुवा."

"दुर्बीण कशाला बांधली होती?"

"पेरूला," डॉक्टर म्हणाले, आणि लोक हसले. आधीचं हसणं डॉक्टरांबरोबरचं होतं, हे त्यांच्यावरचं होतं. तो फरक मलाही कळला आणि मी कानकोंडी झाले. वकील लोकांकडे वळून म्हणाले, "माझ्या दुर्बिणीतून, जी पेरूला बांधलेली नाही, हा तारा आठवडाभर दिसलेला नाही. साक्षीदार मनाने चांगला आहे. पण याने तारा पदरचा घातलाय." पुन्हा हशा झाला. डॉक्टरांनी कागद गोळा केले, त्यातले दोन खाली पडले, ते उचलले, आणि अर्ध्यात भाषण संपवून खाली बसले.

एरवी डॉक्टरांच्याही नोंदी परदेशी जायच्या; त्या महिन्यात वकिलांनी धाडल्या त्या एकट्या आपल्या. दुसऱ्या दिवसापासून कंपाउंडर यायचा बंद झाला. गावात गंमत सुरू झाली. "डॉक्टरांनी ताप मोजला तर वकिलांकडून ताडून घ्या हो." बोलणारे दुष्ट नव्हते, पण हे दिवसातून सहा-सहा वेळा ऐकायचं म्हणजे काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. माझा भाऊ मुंबईहून बोटीने यायचा होता. बोट बंदरात लांब उभी राहिली आणि उतारू पडावात बसून धक्क्याकडे यायला निघाले. भाऊ कुठल्या पडावात आहे ते पाहावं, म्हणून मी वकिलांना म्हटलं, "जरा दुर्बीण लावून द्या." त्यांनी लावून दिली. मी डोळा लावला आणि म्हणाले, "अहो, हा पडाव धक्क्याकडे यायचा सोडून परत समुद्रात कुठे चाललाय?"

"कुठला?"

मी डोळा काढून नुसतं पाहिलं. पडाव सरळ धक्क्याकडे, उजवीकडे येत होता. पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं तर डावीकडे चाललेला. बोटीवरच्या नावाची अक्षरं बघितली आणि मला हसू आलं. "वकीलसाहेब, ही अक्षरं आमच्या पहिलीतल्या मुली पाटीवर काढतात तशी उलटी आहेत. आरशात दिसतात ना, तशी."

मला बाजूला सारून वकिलांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन नकाशा आणला, तो उन्हात धरला, पालथा केला आणि कागदाच्या मागून पाहिला. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मी काकूंना हाक मारली. ते ओटीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, त्या आठवड्यात पाहुणा मला रोज दिसत होता. त्रिकोणाच्या दुसऱ्या अंगाला. चांगला ठळक होता. मी त्याला दुसराच कुणी समजलो, आणि या अंगाच्या मोकळ्या जागेकडे बघून दिसला नाही, दिसला नाही असं लिहीत बसलो."

त्या दिवसापासून त्या माणसाला मी ताठ मानेने चालताना पाहिलं नाही, आणि त्याचं कारण मानेचं दुखणं नव्हतं. परदेशी मंडळाला त्यांनी लगेच सगळं कळवलं, त्यात डॉक्टरांच्या नोंदीही धाडल्या. ते सोपं होतं. समुद्रापलीकडच्यांना तोंड दाखवावं लागत नाही. खरं जायला हवं होतं ते मच्छीबाजाराच्या वाटेवर. वकील गेलेही. दवाखान्यात इतर रोग्यांबरोबर बाकावर बसले, कोळणीच्या पाटीशेजारी. नंबर लागला. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "काय होतंय?" आणि ज्या माणसाने जिल्हा न्यायाधीशाला गप्प केलं होतं, तो म्हणाला, "मान दुखते." डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, औषधाची बाटली दिली. वकील बाटली घेऊन घरी आले.

असं ते पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी घरून निघताना कोट घालून, पगडी सारखी करून, खटल्याला निघाल्यासारखे निघायचे, आणि दर वेळी डोसाच्या खुणेची कागदी पट्टी चिकटवलेली एक बाटली घेऊन परत यायचे. बाटल्या देवघराच्या कोनाड्यात ओळीने लागल्या. औषध त्यांनी एकाही बाटलीतलं घेतलं नाही. काकू एकदा माझ्याजवळ रडल्या. "इंदू, मी जाऊन सांगते म्हटलं तर म्हणतात, ही साक्ष दुसऱ्याने द्यायची नसते. आणि स्वतः काही देत नाहीत. अशी लाज काय कामाची, जी तोंड उघडू देत नाही?"

पाऊस लागायच्या आधी डॉक्टरांनी दवाखाना मोडला आणि बिऱ्हाड घेऊन ते गुहागरला गेले. वडील थकलेत, सुपारीच्या बागेकडे पाहायला कुणी नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तेही खरं असेल. वकिलांना मात्र ते पटलं नाही.

पुढच्या वर्षी वाचनालयाची भाषणमाला दसऱ्यालाच सुरू झाली, तीत वकील आपण होऊन उभे राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी या जागी मी डॉक्टर शेट्ये यांना खोटं पाडलं. ते खरे होते. मी दुर्बिणीला आरसा लावला होता आणि नकाशा चुकीचा धरला होता. माझ्या चुकीवर तुम्ही हसायला हवं होतं, मी तुम्हाला त्यांच्यावर हसवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "केवढा हा मनाचा मोठेपणा!" लोक हात हातात घ्यायला पुढे आले. वकील गर्दीतून वाट काढून एकटेच घरी आले, आणि अंगणात मला म्हणाले, "चोरी कबूल केली म्हणून चोराचा सत्कार झाला, बाई. ज्याचा माल गेला तो गुहागरात बसलाय."

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. "पाहुणा आलाय. काल दिसला. आठवडाभर राहील, फार तर चार दिवस जास्त. तेवढ्यात गुहागर गाठायचंय. दुर्बीण नेणार आहे, कोपरा काढून टाकलाय. हिलाही घेतोय. तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"पडाव उलटा चाललेला तुम्ही पाहिलात. माझं म्हणणं नुसतं माझ्या तोंडून नको. साक्षीदार हवा."

माफी मागायला साक्षीदार घेऊन जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला हसू आलं, आणि लगेच माझीच लाज वाटली. दाभोळपर्यंत बोटीने गेलो, होडीने खाडी ओलांडली, पुढे बैलगाडी. रस्ताभर वकिलांनी दुर्बीण मांडीवर धरली होती. गाडीवाला म्हणाला, "खाली ठेवा, काय व्हत न्हाय," तरी ठेवली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्यानंतर वकिलांना मी भेटले ती एक-दोनदा, लग्नकार्यात. ते भेटणं काही लक्षात राहिलं नाही. मनात आहे ती गुहागरची संध्याकाळ.

डॉक्टरांनी किती प्रेमाने स्वागत केलं! शहाळी उतरवली, काकूंना आत नेलं, मला शाळेचं विचारलं. सुपारीच्या बागेतलं मातीने लिंपलेलं अंगण होतं. चहा झाल्यावर वकील उभे राहिले. बसून बोला, असं डॉक्टर म्हणाले, तरी उभेच राहिले. कोपरा दाखवला, नकाशा उलट-सुलट करून दाखवला, मला पडावाचं सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पाहिलात ते खरं होतं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, भर सभेत. मी तुमचा अपराधी आहे."

डॉक्टर ओशाळले. "अहो, कसला अपराध, वकीलसाहेब! मी तेव्हाच विसरलो. आणि खरं सांगू का? तुम्ही इतकं ठामपणे विचारलंत ना, की घरी जाताना मलाच वाटायला लागलं, मी पाहिला नसेनच. माझं हे असं वेंधळं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलही दिसला तेव्हा."

"असेलही नव्हे. दिसला होता."

"बरं, दिसला होता," डॉक्टर समजूत घातल्यासारखे म्हणाले.

"तुमचं नळकांडं कुठंय?"

"ते? खलाशांच्या पोरांना दिलं. आता बागेतच वेळ जातो हो."

दिवेलागण झाली. वकिलांनी अंगणात दुर्बीण मांडली. मानेला कळ लागत होती ते दिसत होतं, तरी खाली वाकून त्यांनी तारा लावला, नकाशा डॉक्टरांच्या हाती दिला आणि बाजूला झाले. मी कंदील पदराआड धरून उभी होते. नेमाप्रमाणे वकील आधी काही सांगणार नव्हते. डॉक्टर वाकले. पाहिलं. डोळा चोळला, पुन्हा पाहिलं. समोर नक्की काहीतरी होतं, कारण ते बराच वेळ एकाच जागी खिळले होते. वकिलांचा श्वास मला ऐकू येत होता.

मग डॉक्टर उभे राहिले आणि नम्रपणे हसून म्हणाले, "तुम्हाला काय दिसतं ते आधी सांगा ना, वकीलसाहेब. म्हणजे मला नीट सांगता येईल."

डॉक्टर सरकले त्या जागी वकील गेले आणि दुर्बिणीशी वाकले. आतून काकूंनी पानं घेतल्याची हाक मारली. डॉक्टर "आलो, आलो" म्हणत हात धुवायला गेले. मी कंदील जरा पुढे केला. वकिलांचा चेहरा दुर्बिणीपासून चार बोटं लांब होता, आणि दोन्ही डोळे मिटलेले होते.